विहीणबाईंचं क्रियापद

स्पॅनिश कशाला शिकतेस असं कुणी विचारलं की मी सांगायचे, विहीणबाईंशी भांडता यावं म्हणून. लोक हसायचे. खरं कारण साधं होतं. माझी एकुलती एक मुलगी स्पेनमध्ये, समुद्रकाठच्या एका लहानशा बंदराच्या गावात सासरी होती. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला मी तिकडे जायचं ठरलं होतं, आणि ज्या स्वयंपाकघरात मी आणि तिची सासू काही महिने एकत्र वावरणार होतो, तिथे आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळणार नव्हता. जावयाला इंग्रजी येतं. विहीणबाईंना फक्त स्पॅनिश, आणि तेही मागे कुणी लागल्यासारखं भरधाव.

आमचा वर्ग बोरिवली पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरायचा. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारच्या खोलीत टॅलीचा क्लास. शिकवणारी मुलगी गोराईची, घरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली. दिवसा एका कंपनीत स्पॅनिश गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि संध्याकाळी आम्हाला शिकवून बोटीने खाडीपलीकडे घरी जायची. वर्गात बाकी सगळी परदेशी निघालेली पोरं. मी साठीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये जन्मभर लोकांचं रक्त तपासून निवृत्त झालेली. ती मला आंटी म्हणायची, मी तिला टीचर.

एके दिवशी तिने बोर्डावर ‘केरेर’ हे क्रियापद लिहिलं. म्हणाली, “हे सरळ चालीचं नाही. आणि याचे अर्थ दोन. एक, हवं असणं. दुसरा, प्रेम करणं.”

“म्हणजे वाट लागली,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “मग समोरचा नक्की काय म्हणतोय ते कळणार कसं?”

“माणूस बघून,” टीचर म्हणाली.

कियेरो, कियेरेस, कियेरे. मला हवं, तुला हवं, तिला हवं. इथपर्यंत ठीक. पण ‘आम्हाला हवं’ म्हणायचं तर मधला ‘य’ कुठेतरी पडतो आणि ‘केरेमोस’ होतं. मी घरी भाजी निवडताना घोकायचे. मला चुकायला होई ते रूपांमुळे नाही, कर्त्यामुळे. आपल्याकडे हवं असणं ताप आल्यासारखं असतं. मला ताप आला, मला झोप आली, मला चहा हवा. आपण काही करत नाही, ते आपल्याकडे येतं. स्पॅनिशमध्ये मात्र ‘मी’ उभी राहून ते करते. ‘कियेरो’ म्हणताना मला दर वेळी कुणाचा तरी हात झटकल्यासारखं वाटायचं.

विहीणबाईंशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा त्या माझ्या मुलीबद्दल म्हणाल्या, “ला कियेरो मुचो.” मी मनात भाषांतर केलं, ‘ती मला खूप हवी आहे’, आणि जरा दचकले. दुसरा अर्थ मागाहून आठवला. मुलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. “आई, प्लीज, हसवू नकोस, बाळ लाथा मारतंय.” तिचं ते हसणं पुढे मी खूप दिवस आठवत राहिले.

मी जायच्या आधीच ह्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि बायपास करावी लागली. तिकीट रद्द केलं. मुलगी म्हणाली, “आई, तू बाबांजवळ थांब. मी मॅनेज करीन.” नातू झाला तेव्हा मी आयसीयूबाहेरच्या बाकावर होते. फोटो बघितला, खाली कँटीनमध्ये जाऊन एकटीच चहा प्यायले. ह्यांना घरी आणल्यावर क्लास पुन्हा सुरू केला. आता खरं तर त्याची गरज नव्हती, पण ती एक संध्याकाळ घराबाहेर पडायला मिळायची.

पहिला महिना मुलगी रोज फोन करायची. मग एक दिवसाआड. मग व्हिडिओ बंद करून बोलायला लागली. “चेहरा का नाही दाखवत गं?” “केस विंचरले नाहीत.” मग फोन जावई उचलायला लागला. शी इज टायर्ड, शी इज स्लीपिंग, एव्हरीथिंग इज फाइन. तो वाईट मुलगा नाही. पण त्याच्या तोंडचं ‘फाइन’ ऐकून मला लॅबमधले दिवस आठवायचे. रिपोर्ट बघून मी गप्प असायचे आणि समोरचा माणूस माझा चेहरा वाचत बसायचा.

शेवटी मी विहीणबाईंनाच मेसेज करायला लागले. मोडकंतोडकं लिहायचे, त्या छोटी छोटी वाक्यं पाठवायच्या. ‘नो कियेरे आब्लार.’ तिला बोलायचं नाही. हे मला शब्दकोशाशिवाय कळलं. ‘नो कीसो कोमेर.’ यातलं ‘कोमेर’ म्हणजे खाणं, ते माहीत होतं. ‘कीसो’ नवीन होतं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं तर म्हणालं, तिला खायचं नव्हतं. म्हणजे केरेरचंच कुठलं तरी भूतकाळी रूप असणार. ह्यांना ऐकवलं तर म्हणाले, “कीसो? बटाट्याचा कीस करतेस की शब्दाचा?” ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते असं काही बोलले म्हणून मला बरं वाटलं.

मुलीला भूक नाही, झोप नाही, बोलायचं नाही. मी तिला मेसेज करायचे, बाळा, अळीव खा, बाळंतपणात असं होतं, होईल बरं. उत्तर यायचं नाही.

मग एका दुपारी विहीणबाईंचा मेसेज आला. ‘आयेर कीसो इर्से. एस्तामोस कोन एय्या.’ ॲपने सांगितलं: काल तिला जायचे होते. आम्ही तिच्यासोबत आहोत.

मी तो मेसेज उभ्यानेच वाचला आणि खुर्चीत बसले. तिला यायचंय. माहेरी यायचंय तिला, आणि सासरची माणसं तिच्या बाजूने आहेत. इतके दिवस पोरीला संकोच वाटत असणार, बाबांचं आजारपण, आईला त्रास कशाला. मी ह्यांना हाक मारली. हे मूळचे मालवणकडचे. एरवी माझ्याशी साधी मराठी बोलतात, पण आनंद झाला किंवा घाबरले की गावची भाषा तोंडात येते, मुलीचं ‘चेडू’ होतं. म्हणाले, “येवंदे, येवंदे. माजा चेडू घरा येवंदे.” मुलीच्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि ह्यांच्या औषधांचे खोके जमले होते, ते आम्ही दोघांनी हलवले. शेजारणीला तिचा लाकडी पाळणा मागून ठेवला. मी डिंक तळायला काढला. आणि विहीणबाईंना उत्तर लिहिलं, माझ्या आत्तापर्यंतच्या स्पॅनिशमधलं सगळ्यात बिनचूक: ‘के ब्येन! मुचास ग्रास्यास.’ किती छान! खूप आभार.

त्यावर त्यांचं काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या आठवड्यात वर्गात भूतकाळ सुरू झाला. टीचरने केरेर पुन्हा बोर्डावर घेतलं. म्हणाली, “याचे भूतकाळ दोन. ‘केरिया’ म्हणजे मनात होतं, हवं होतं, नुसतं हवं होतं. आणि दुसरा, कीसे, कीसिस्ते, कीसो. हा एका क्षणाचा भूतकाळ. यात मनातलं बाहेर येतं. ‘नो कीसो’ म्हणजे नुसतं नको होतं असं नाही. ठाम नकार दिला.”

मी लिहून घेत होते. नो कीसो कोमेर. म्हणजे जेवायला नकार दिला. ताट सरकवलं असेल.

“आणि आधी ‘नो’ नसेल,” टीचर म्हणाली, “तर पुष्कळदा अर्थ होतो, प्रयत्न केला. कीसे आब्रिर ला प्वेर्ता. मी दार उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही, पण हात लावला होता.”

मी पेन खाली ठेवलं. “टीचर, ‘कीसो इर्से’ म्हणजे?”

“कोण?”

“समज, एक मुलगी.”

“तिने निघून जायचा प्रयत्न केला. पण गेली नाही. किंवा कुणी जाऊ दिलं नाही.”

मी तिला फोन दाखवला. तिने मेसेज वाचला, मग त्याखालचं माझं ‘के ब्येन’ वाचलं. तिचा चेहरा बदललेला मला दिसला. ती मुलांना म्हणाली, “आज इथेच थांबू या.” सगळे गेल्यावर तिने दार लोटलं आणि माझ्याजवळच्या बाकावर बसली.

“आंटी, एका शब्दावरून काही ठरवायला नको. कधी कधी साधं ‘हवं होतं’ एवढंच असतं. पण आपण विचारूया. आत्ताच.”

तिकडे दुपार होती. विहीणबाईंनी फोन उचलला. मी म्हटलं, हळू बोला. मग जुळवून ठेवलेला एकच प्रश्न विचारला. “आदोन्दे कीसो इर्से?” कुठे जायचा प्रयत्न केला तिने?

मग त्या म्हणाल्या, “आल मार.”

मार म्हणजे समुद्र. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हा शब्द, सूर्य, घर, रस्ता यांच्याबरोबर.

त्यानंतर त्या रडायला लागल्या आणि त्यांचं बोलणं नेहमीसारखं धावत सुटलं. मला काही पकडता येईना. टीचरने फोन स्पीकरवर टाकला आणि एकेक वाक्य मला मराठीत सांगितलं. पहाटे नवरा झोपलेला, बाळ झोपलेलं. मुलगी अनवाणी घराबाहेर पडली. बंदराच्या बांधावर, अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. मासळी बाजारात काम करणाऱ्या एका बाईने तिला पाहिलं. ती हाका मारत बसली नाही, शेजारी जाऊन उभी राहिली, स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला आणि हात धरून तिला घरी आणलं. डॉक्टर येऊन गेले. गोळ्या सुरू केल्यात. आता घरात कुणी ना कुणी तिच्याजवळ असतं. बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं, बरं होतं, पण वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले.

“मुलगा म्हणाला, तिच्या आईला सांगायचं नाही, वडिलांचं हृदय अधू आहे,” टीचर सांगत होती. “त्या म्हणतायत, मला ते पटेना. आईला कळायलाच हवं. म्हणून मी लिहिलं.” मग टीचर थांबली.

“पुढे काय म्हणाल्या?”

“आंटी, सोडा ना.”

“सांग.”

“त्या म्हणतायत, तुमचं ‘किती छान’ आलं, तेव्हा मला वाटलं, ही कसली आई.”

मला स्पॅनिशमध्ये सांगता येईना. टीचरनेच त्यांना काहीतरी समजावून सांगितलं, त्यात मला ‘माद्रे’ आणि ‘कासा’ एवढंच कळलं, आई आणि घर. तिकडून विहीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. “पोब्रे मुहेर,” त्या म्हणाल्या. बिचारी बाई. मला म्हणाल्या.

घरी गेले तर पाळणा हॉलमध्ये येऊन पडला होता आणि हे त्याच्या कड्यांना तेल घालत होते. रिक्षात बसून मी ठरवलं होतं की ह्यांना अर्धंच सांगायचं. पण ह्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “काय झाला गो?” आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी तेलाचा हात पंच्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसत राहिले. एवढंच विचारलं, “चेडू बरा आसा मा आता? कोण जवळ आसा?” मी म्हटलं, आहेत. म्हणाले, “मगे तू जा. माजी काळजी करू नको. माका पेज करूक येता.”

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन मुलीच्या समोर धरला. किती दिवसांनी तिचा चेहरा बघत होते. गाल बसले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याच्या खालच्या कडेला कुठेतरी बघत होती. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

“तुला काय हवंय बाळा?” मी विचारलं.

“काही नको, आई.”

“मी येऊ?”

विहीणबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता, तेवढाच दिसत होता.

“बाबांना कोण बघेल?” ती म्हणाली.

तिने नको म्हटलं नव्हतं. मी त्याच दुपारी व्हिसाच्या कामाला लागले. ह्यांची बहीण मुलुंडहून राहायला आली.

विमानतळावर विहीणबाई एकट्याच आल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, माझ्यापेक्षा थोरल्या. आम्ही दोघींनी एकमेकींना नीट बघितलं आणि काही न बोलता गाडीत बसलो. पुढचे दोन महिने आम्ही त्या घरात पाळी लावून मुलीपाशी बसलो. आमचं बोलणं सगळं वर्तमानकाळात चाले. खाते, झोपते, रडते, आज बोलते. बाळाला त्या अंघोळ घालायच्या, मी तेल लावायचे. ते पोर माझ्या हातात पहिल्यांदा आलं तेव्हा मी त्याला नीट बघितलंच नाही. मी त्याच्या आईकडे बघत होते, ती आपल्याकडे बघते का, हे बघत होते.

एकदा दुपारी मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होते. ती आपणहून बोलायला लागली.

“आई, मला मरायचं नव्हतं. खरंच नव्हतं. डोक्यातलं सगळं थांबायला हवं होतं फक्त. ते बाळ रडायचं आणि मला वाटायचं, मी नसले तर त्याला कुणीतरी बरी आई मिळेल.”

माझे हात थांबले. मी कंगवा पुन्हा फिरवला.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू आयसीयूबाहेर बसली होतीस,” ती म्हणाली. “काय सांगणार होते?”

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी तिला आणि बाळाला घेऊन बोरिवलीला आले. गोळ्या सोबत होत्या, इथल्या डॉक्टरीणबाईंची वेळ आधीच घेतली होती. जावई सोडायला आला होता, आठवडाभर राहिला. निघताना मला इंग्रजीत म्हणाला, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं. उगाच समजूत घालावीशी वाटली नाही.

पाळणा इतके महिने रिकामा का पडून होता, ते शेजारणीला मी काही सांगितलं नाही. बायका बाळ बघायला यायच्या आणि म्हणायच्या, आईपण मानवलं नाही वाटतं, किती वाळलीय. मी चहा आणायला आत जायचे. तिची झोप लागली की मी खिडक्यांच्या कड्या बघायचे. ती बाथरूममध्ये गेली की बाहेर उगाच कपडे वाळत घालत उभी राहायचे. तिला ते कळत असे. एकदा आतून म्हणाली, “आई, मी दात घासतेय.”

टीचरने एका रविवारी जेवायला बोलावलं. मुलगी म्हणाली, “जाऊया ना.” गोराईला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची. मी म्हटलं, रस्त्याने जाऊ, रिक्षा करू. “आई, रस्त्याने केवढा वळसा आहे. बोटीने पाच मिनिटं.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, बोटीनेच जाऊ म्हणून.

बोटीत कोळणी होत्या, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परत चाललेल्या. एक जण आपली मोटरसायकल चढवत होता. मुलगी कठड्यापाशी उभी राहिली आणि मी तिचं मनगट धरलं. बाळ ह्यांच्या मांडीवर. पाणी गढूळ, संथ होतं, काठाला खारफुटी, घाबरण्यासारखं काही नव्हतं तिथे.

“आई, दुखतंय,” ती म्हणाली.

मी पकड जरा सैल केली. तिने हात काढून घेतला नाही. टीचर पलीकडच्या धक्क्यावर उभी होती. तिच्या घरी मुलीने दोन वेळा भात घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी भांडल्यासारखं मोठ्याने बोलली. वाद स्पॅनिशवरून होता. टीचर पुस्तकी बोलते, तिकडे असं कुणी म्हणत नाही, असं मुलीचं म्हणणं होतं.

आता ती परत गेली आहे. गोळ्या कमी केल्यात, बंद नाहीत. फोन करते, कधी चेहरा दाखवते, कधी नाही. नाही दाखवला की मी विचारत नाही. दुपारचा चहा झाला की विहीणबाईंना लिहिते. त्या सगळं खरं सांगतात, वाईट असेल तेही, आणि मला अर्थ लागला नाही तर मी तसं कळवते. मग त्या तेच पुन्हा, सोप्या शब्दांत लिहितात. परवा त्यांनी लिहिलं की ती रात्री झोपली नाही, पण सकाळी बाळाला घेऊन बाजारात गेली, आणि त्या मासळीवाल्या बाईकडे थोडा वेळ बसली. मी ते तीनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “बाजारात गेली म्हणजे बरा आसा.” मी हो म्हटलं, आणि रात्री झोपली नाही ते मनात ठेवून घेतलं.